दोघांनी टाकायचा गिअर

"त्याईले सांगा, गिअरबॉक्स भेटूनच नाही राह्यला म्हणा," संध्यावहिनी म्हणाल्या.

त्या माझ्या यवतमाळच्या वर्कशॉपमध्ये उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे बेंचवर तीन गिअरबॉक्स ओळीने ठेवलेले होते. तिन्ही त्यांच्या नवऱ्यासाठीच जमवलेले. त्यांनी ते पाहिले होते. मला खोटं बोलता येतं की नाही, एवढंच त्या विचारत होत्या.

मी म्हणालो, खोटं सांगणार नाही. पण तुम्ही हो म्हणेपर्यंत एकही बसवणार नाही. त्यांना ते फारसं पटलं नाही. चहा अर्धा ठेवून त्या मारेगावच्या एसटीला निघून गेल्या.

त्यांचा नवरा अविनाश मेश्राम. मारेगावकडच्या एका जिनिंगमध्ये मेंटेनन्स इंजिनिअर. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. तिथल्या मशिनींचे गिअर मी कापून द्यायचो, त्यातून आमची ओळख झाली. मी पुण्याला एका कंपनीत गिअरबॉक्स डिझाइनमध्ये उमेदीची वर्षं काढून यवतमाळला परत आलो होतो. कापसाची ती वाईट वर्षं होती. पीक कमी, भाव पडलेला. जिनिंगचे कारखाने हंगामाच्या मध्यावरच बंद पडायचे. अविनाशचा कारखाना तर एक अख्खा हंगाम उघडलाच नाही. मशिनी पुसून ठेवणं एवढंच काम त्याला उरलं होतं.

त्या रिकाम्या वेळात त्याने गाडी बांधायला घेतली. मुंबईच्या भंगार बाजारातून एका अपघातात चेपलेल्या जपानी स्पोर्ट्स कारचं इंजिन आणि पुढचा भाग त्याने आणला. बाकीची फ्रेम पाइप वाकवून, वेल्डिंग करून स्वतः केली. इंजिन रोटरी होतं. आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. रोटरीत पिस्टनच नसतो. तिथे एक फुगीर त्रिकोणी रोटर लांबट गोल पोकळीत फिरत राहतो. त्यामुळे हादरे कमी. आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, सहज सात हजारांवर जातात. उणीव एकच. कमी फेऱ्यांवर या इंजिनात ओढ नसते.

म्हणून त्याला गिअरबॉक्स निवडणं अवघड. गिअर रेशो म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाने किती वेळा फिरायचं त्याचा हिशेब. आकडा मोठा असला की ओढ जास्त आणि वेग कमी. आकडा लहान असला की उलट. दोन गिअरांच्या रेशोंमध्ये अंतर फार असलं, तर वरचा गिअर टाकताच इंजिनाचे फेरे एकदम खाली येतात. रोटरी तिथे मरगळते.

अविनाशने हे सगळं मनात पक्कं केलं होतं. ताशी दोनशेचा वेग, जवळजवळचे पाच गिअर. मग एका सकाळी घरच्या शेडमध्ये गाडीशेजारीच त्याला लकवा मारला. डावा हात, डावा पाय गेला. वहिनी ग्रामीण रुग्णालयात सिस्टर. काय झालंय ते त्यांना पाहताक्षणी कळलं, म्हणून तो वाचला. बोलणं सावकाश परत आलं. पाय आला तो काठी घेऊन चार पावलं टाकण्यापुरता, हात तेवढाही नाही.

आणि तेव्हापासून तो मला फोन करत होता. गिअरबॉक्सचं काय झालं?

बेंचवरचा पहिला गिअरबॉक्स देशी जीपचा. दणकट, पण त्याच्या गिअरांत अंतर मोठं, आणि सात हजार फेऱ्यांवर तो किती दिवस टिकला असता याची मला खात्री नव्हती. दुसरा एका जुन्या परदेशी गाडीचा ऑटोमॅटिक. त्याला क्लचच नाही. डावा पाय लागत नाही. तिसरा त्या इंजिनाचाच मूळचा, पाच गिअरांचा. त्याची तिसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली. गिअर एकमेकांत जाण्याआधी त्यांचा वेग जुळवणारी ती पितळी कडी. खरं सांगायचं तर तिसऱ्यावर माझाच जीव होता. त्यात मी स्वतः नवे, जवळच्या रेशोंचे गिअर कापणार होतो. आकडे काढून झाले होते. असं काम हाताला लागायला माणसाची अख्खी कारकीर्द जाते.

वहिनी येऊन गेल्यावर पुढच्याच रविवारी मी मारेगावला गेलो. जीपचा बाद केला होता, बाकीचे दोन टेम्पोत घातले. अविनाशला दोघांबद्दल सांगितलं आणि ऑटोमॅटिक बरा पडेल असंही म्हणालो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"ऑटोमॅटिक लावसान तर मंग इंजिनबी काढून न्या, भाऊ," तो म्हणाला.

त्याचंही चूक नव्हतं. त्या ऑटोमॅटिकने रोटरीची कमी फेऱ्यांवरची थोडीशी ओढही खाऊन टाकली असती. पण मुद्दा तो नव्हता. त्याला क्लच हवा होता.

मी म्हणालो, ठीक आहे, दाबून दाखव. मूळचा गिअरबॉक्स आम्ही तात्पुरता इंजिनाला जोडला. त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. त्याने डावा पाय उजव्या हाताने उचलून पेडलवर ठेवला आणि मांडीवर जोर देऊन दाबला. पेडल खाली गेलं. पण क्लच दाबण्यापेक्षा सावकाश सोडणं महत्त्वाचं असतं. पाय सटकन घसरला आणि पेडल आपटून वर आलं. पेडलचा कोन चुकला आहे, तो म्हणाला. मी पान्याने कोन बदलला. पाय पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा त्याने पाय उचललाच नाही.

"मले माहीत आहे," तो म्हणाला. "पण पाह्यल्याबिगर कसं सोडू?"

वहिनी शेडच्या दारात होत्या. मला वाटलं, काम इथेच संपलं.

तरी क्लचच्या पाइपात हवा शिरली होती, ती काढून ठेवावी म्हणून मी गाडीखाली गेलो. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने वर पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली नट सैल करायचा. मी वहिनींना बसायला सांगितलं. त्यांना गाडी येत होती. लग्नानंतर अविनाशनेच कारखान्याच्या जीपवर शिकवली होती. अविनाश तोवर पलीकडून आधार धरत शेजारच्या सीटवर जाऊन बसला होता.

मी खालून "दाबा" म्हणायचो, वहिनी दाबायच्या. हवा निघाली. मी नट आवळत होतो तेवढ्यात माझ्या डोक्यावर गिअरबॉक्समध्ये खट् झालं. पहिला गिअर. मग दुसरा. मऊ, नेमका. मी म्हणालो, वहिनी, हात छान आहे तुमचा.

"मी नाही टाकला," वरून आवाज आला.

मी बाहेर आलो. वहिनींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. गिअरच्या दांड्यावर अविनाशचा उजवा हात होता. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, दांडा मधे असतो. डावीकडे बसणाऱ्याचा उजवा हात बरोबर त्याच्यावर येतो. त्याचा तो हात पहिल्यासारखाच शाबूत होता. कुणीच काही ठरवलं नव्हतं. क्लच दाबलेला दिसला आणि त्याचा हात गेला.

वहिनी बराच वेळ त्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, गाडी चालवणार कुठे? रस्त्यावर नेता येणारच नव्हती. अशी घरी बांधलेली गाडी आरटीओ पास करत नाही. अविनाश म्हणाला, जिनिंगचं यार्ड रिकामंच आहे, मालक नाही म्हणणार नाहीत.

"मंग किल्ली माह्यापाशी राहीन," वहिनी म्हणाल्या. "एकटे नाही बसायचं."

त्याने मान डोलावली.

मी यवतमाळला आलो आणि माझी सगळी आकडेमोड बाजूला ठेवली. यार्ड म्हणजे कापसाच्या गंजी लावायचं काँक्रीटचं पटांगण, लांबीला जेमतेम तीनशे मीटर. अविनाशच्या मनातल्या डिफरन्शियलने, म्हणजे मागच्या एक्सलच्या शेवटच्या रेशोने, गाडी पहिल्याच गिअरमध्ये पन्नाशी ओलांडत होती. दुसऱ्यात इंजिन रंगात येईपर्यंत समोर भिंत आली असती. शिवाय गिअर दोन माणसं मिळून बदलणार. एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने ओळखून दांडा हलवायचा. त्यात उशीर होणारच. रोटरीचे फेरे अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढताच भराभर पडतात. जवळच्या रेशोंत वरच्या गिअरला फेरे थोडेच खाली यावे लागतात, म्हणून त्यांना तेवढा उशीर चालत नाही.

म्हणून मी नवे गिअर कापलेच नाहीत. मूळचे ठेवले, फक्त सिंक्रो रिंग बदलली. फेरे सावकाश पडावेत म्हणून इंजिनाच्या टोकाचं फिरतं चाक, म्हणजे फ्लायव्हील, जड बसवलं. आणि मागे एका माल वाहणाऱ्या व्हॅनचा, मोठ्या आकड्याचा एक्सल लावायचं ठरवलं. अविनाशला फोन करून सांगितलं.

"भाऊ, हे स्पोर्ट्स कार होय का ट्रॅक्टर?"

मी म्हणालो, तीनशे मीटरच्या यार्डात याच्यापेक्षा चांगली स्पोर्ट्स कार होत नाही. त्याने फोन ठेवला. मग आठवडाभर काही नाही. दोनशेचा वेग सोडून द्यायला तेवढा वेळ लागला असावा. मग एका दुपारी फोन आला, "लावा," आणि लगेच बंद झाला.

यार्डातल्या पहिल्या दिवशी गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली, पण वहिनींचा पाय क्लचवर पुरता खाली जाण्याआधीच अविनाशने दांडा ओढला आणि गिअर करकरले. मी तोंड फिरवलं. मग त्यांचं त्यांनीच ठरवलं. वहिनींनी "हं" म्हणायचं, मगच त्याचा हात हलायचा. पुढच्या फेरीत दुसरा गिअर पडला. लांब बाजूला तिसराही. इंजिन वर चढलं आणि रोटरीचा तो एकसुरी, चढता आवाज बंद गोदामांवरून परत आला. हंगाम सुरू होईल या आशेवर फाटकाशी येऊन बसणारे चार मजूर उठून उभे राहिले. गाडी थांबल्यावर त्यांतल्या एकाने विचारलं, कायले बनवली?

"चालवाले," अविनाश म्हणाला. त्याचा शर्ट घामाने भिजला होता. वहिनी हसत होत्या, पण त्यांचे हात अजून स्टिअरिंगवर घट्ट होते.

तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा दर रविवारी ते दोघं यार्डात जायचे. मग "हं" लागेनासं झालं. अविनाशचा डावा पाय काही सुधारला नाही. पुढे एका बऱ्या हंगामात जिनिंग पुन्हा सुरू झालं, यार्डात गंजी लागल्या आणि गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. त्याचं अविनाशला वाईट वाटलं नाही. कामाला बोलावणं आलं होतं.

मी आयुष्यात काढलेला सर्वांत चांगला गिअरसेट कागदावरच राहिला. त्यानंतर कुणी गिअरबॉक्सचं काम घेऊन आलं, की मी इंजिन विचारायच्या आधी रस्ता विचारतो आणि शेजारी कोण बसणार ते विचारतो. दुसऱ्या प्रश्नाला लोक चक्रावतात. बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसतो.