जमीन बघावी भादव्यात

आता काय करता, असं मीनाक्षीला कोणी विचारलं तर ती म्हणते, "जन्मभर भूगोल शिकवला, आता करते आहे." आम्ही दोघी कलकत्त्यातच जन्मलेल्या, एकाच कॉलेजात शिकलेल्या. तेव्हा तिच्याबद्दल लिहायचा हक्क माझा. तिला आवडणार नाही. न आवडू दे.

बाई बुटकी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि चाल अशी की बेहाला भागातल्या फुटपाथवरचे भाजीवाले तिला पाहून टोपल्या मागे ओढतात. नवरा हेमंत माणदेशातला. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन इथे आला, हिच्याशी लग्न केलं आणि इथलाच झाला. तो गेल्यावर सगळ्यांना वाटलं, ही आता पुण्याला बहिणीकडे जाणार. हिने जमीन घेतली! शहराच्या टोकाला, जोकाच्या पुढे, दोन बिघे, कोपऱ्यात पुकुर, म्हणजे आपलं तळं. तीही एकटीने नाही. ती, मी, तिचा धाकटा दीर विनायक आणि विनायकचा मुलगा शौनक, अशी चौघांत मिळून. तिची अट एकच, तुकडे करायचे नाहीत. चौघांनी मिळून एक बाग आखायची आणि ती चौघांची राहील. बाकी आयुष्यात तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

शौनक न्यू टाउनला कंपनीत आहे. शनिवार-रविवारचा कुठलासा कोर्स करून त्याने 'पर्माकल्चर' हा शब्द घरात आणला. जमीन आपणहून काय करते ते आधी बघायचं, मग तिच्याशी जुळवून लागवड करायची, असा त्याचा अर्थ. मीनाक्षी म्हणाली, "म्हणजे संसार."

तर जमीन बघायला सगळ्यांनी एकत्र कधी जायचं, हे ठरवायला उन्हाळ्यात तिच्या घरी बसलो. विनायक भावामागोमाग इथे आलेला, बँकेतला निवृत्त अधिकारी. वेळापत्रक म्हणजे त्याचा प्राण.

"जानेवारीत जाऊ," तो म्हणाला. "हवा छान, वाट कोरडी. डबे घेऊ, सतरंजी घेऊ."

"भावजी, हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे का?" मीनाक्षी म्हणाली. "नटवलेली मुलगी बघून होकार द्यायला? जमीन भादव्यात बघायची. केस विस्कटलेले, तोंड धुतलेलं नाही, तेव्हा."

"भादव्यात गुडघाभर चिखल असतो, वहिनी!"

"तोच बघायचाय."

"काकू, ट्रेनर पण हेच बोलला," शौनक म्हणाला. इथे वाढलेली मुलं, त्यांचं मराठी असंच.

विनायक चिडला. मग म्हणाला, "मी तुमची वाट बघत बसलेलो नाही. माणसं लावून चर खणून घेतलेत. काठाने पपई, शेवगा लावलाय. पाणी अडवा, पाणी जिरवा! तुम्ही बघाच." आणि दारात चपला घालताना पुढचं बोलला, "एकमत नाही झालं तर सरळ चार पट्ट्या करू. ज्याची त्याने बघावी. कुंपणाचे बांबूही आणून टाकलेत."

मीनाक्षीने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून घेतलं. मी मात्र बोलले, ते छापण्यासारखं नाही.

गौरी-गणपती पोचवून झाल्यावरचा पहिला रविवार ठरला. तिचे नियम असे: घरून कोणी आराखडा करून आणायचा नाही. तिथे पोचल्यावर चौघांनी चार दिशांना जायचं आणि एक तास तोंड उघडायचं नाही, फक्त बघायचं. मग पंपाच्या खोलीच्या ओट्यावर रांगोळीने आखायचं. ज्याच्या चिमटीत रांगोळी, त्यानेच बोलायचं.

"कागद का नको?" मी विचारलं.

"कागदावर काढलं की ते ज्याचं त्याचं होतं. मग माणूस ते खोडू देत नाही. रांगोळी हाताने पुसता येते."

मेट्रोने जोका, पुढे टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, आणि शेवटी पायी. आदल्या दिवशी धो धो पडून गेला होता. विनायक पांढरे बूट घालून आला होता आणि त्याच्या काखेत, नियम झुगारून, आराखड्याची लांब नळी होती. मीनाक्षीने नळीकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, आणि स्वतःच्या चपला काढून पिशवीत टाकल्या.

तासभर गप्प राहणं हा माझ्या प्रकृतीवर अत्याचार आहे. पण एक खरं, तोंड बंद असलं की दिसायला लागतं. पाणी कुठूनही वाहत येत नव्हतं. ते खालूनच वर आलं होतं, सगळीकडे, एका पातळीत. आणि विनायकचे चर काठोकाठ भरलेले. त्यांच्या कडेच्या पपया पिवळ्या पडून मान टाकून उभ्या, शेवगा बुडाशी कुजलेला. विनायक तिथेच उभा होता. पांढरे बूट आता कुठल्याच रंगाचे नव्हते.

ओट्यावर आलो तेव्हा मीनाक्षीने रांगोळीचा डबा पहिल्यांदा त्याच्यापुढे धरला. त्याने घेतला नाही.

"मला काय विचारता? मी हरलो. चार पट्ट्या करा आणि माझी विकून टाका."

"रांगोळी हातात न घेता बोलायचं नाही," मीनाक्षी म्हणाली.

त्याने चिमूट घेतली. "आमच्या गावाला आई भांडी विसळलेलं पाणी लिंबाच्या आळ्यात ओतायची. थेंब वाया गेला तर बोलणी बसायची. पाणी दिसलं की अडवायचं, एवढंच मला येतं, वहिनी. पाणी नको म्हणायला कोणी शिकवलंच नाही."

"हेमंतलाही येत नव्हतं. आमच्या गच्चीवरच्या कुंड्या त्याने दोनदा बुडवल्या." तिने त्याच्या हातातली रांगोळी स्वतःच्या चिमटीत घेतली. "पण भावजी, चर खणलात त्याची माती कुठे टाकलीत?"

"चराच्या पलीकडे. बांध घातला."

"त्या बांधावर काय आहे, बघितलंत?"

मी बघितलं होतं. भोपळ्याचा वेल. कोणी लावलेला नाही, शेणखतातून आलेला, आणि पिवळ्या फुलांनी नुसता फुललेला. त्या सगळ्या पाणथळीत कोरडी जागा तेवढी एकच होती.

"इथे माणसं शेकडो वर्षं हेच करतात," ती म्हणाली. "खणायचं, माती उचलून टाकायची, घर आणि झाडं त्या उंचवट्यावर, पाणी खड्ड्यात. तुमचे चर चुकलेले नाहीत. तुम्ही झाडं खाली लावलीत. ती वर चढवा, आणि चराचं तोंड बंद ठेवू नका. त्याला जायला जागा द्या."

"कुठे?" शौनकने विचारलं. त्याच्या हातात रांगोळी नव्हती, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मीनाक्षीने डबा पुन्हा विनायकपुढे धरला. त्याने चिमूट घेतली, गुडघे मोडून ओट्यावर वाकला, तळ्याचा गोल काढला, मग चराची रेघ. रेघ गोलाच्या अलीकडे थांबली. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती शाळेत फळ्याजवळ उभ्या असलेल्या मुलाकडे बघावं तशी बघत होती, म्हणजे काहीच न सांगता. त्याने रेघ तळ्यात नेऊन सोडली.

मग मात्र आम्ही भांडलो. बसायची ओसरी कुठे यावरून शौनकने माझी रेघ दोनदा पुसली, मी त्याची तीनदा. नळी कोणी उघडलीच नाही. दुपारपर्यंत ओट्यावर एकच बाग होती, जरा वाकडी.

निघताना शौनक म्हणाला, "बाबा, पण ते कुंपणचे बांबू? परत देऊ?"

"परत कशाला?" विनायक खेकसला. "चर ओलांडून पलीकडे जायचं कसं? उडी मारून? तुझ्या काकूचं वय बघ!"

"माझं वय तुम्ही नका काढू," मीनाक्षी म्हणाली, आणि भोपळ्याची फुलं तोडायला बांधावर चढली. विनायक आणि शौनक बांबू उचलून चरावर आडवे टाकायला लागले.