आईनं माशांना कणीक घातली

परतूरच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते, आणि उरलेल्या वेळात माशांच्या पिल्लांना दारू पाजते. पीएचडीचा विषयच तो. पापणीच्या केसाएवढी पिल्लं. बरणीच्या पाण्यात थोडं अल्कोहोल गेलं की सैरावैरा पळतात. आणखी घातलं की तळाशी सुस्त, काचेवर टिचकी मारली तरी हलत नाहीत. कडेच्या बरणीतली तुलनेसाठी, नुसत्या पाण्यात. वडील एकदा म्हणाले, "त्यासाठी मासे कशाला पायजेत? दादाकडं बघून लिही की!"

खोटं काय त्यात? दादाचंही तेच. आधी घरभर बडबड, मग ओसरीवर आडवा. लिव्हर खराब होत चाललंय, आता थांबला नाही तर हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. जालन्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवू म्हणून मी आईच्या किती विनवण्या केल्या. "माझं लेकरू मी कुठं टाकणार न्हाई," एवढंच तिचं. तो पिऊन आला की गरम भाकर, वर अंड्याचं कालवण. बोलून बोलून माझं तोंड दुखलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजला कुलूप, म्हणून बरण्या घरी आणल्या. कूलरसमोर त्या, आणि मी पत्र्याखाली घामाघूम. लाइट गेली की बरण्यांना ओले कपडे गुंडाळत बसायचं. वैताग नुसता.

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सगळ्या बरण्यांचं पाणी पांढुरकं, आंबूस वासाचं, आणि पिल्लं मरून पडलेली. तळाशी कणकेच्या गोळ्या.

"आई, हे काय केलंस?"

"दादाची दारू सुटाया आवसेला माशांना कणीक घाल, असं मठातल्या महाराजांनी सांगितल्तं. नदीला पानी न्हाई. मंग म्हनलं, घरातच हायेत की मासे. काल पोटभर घातली."

"कपाळ माझं! मारलंस तू त्यांना. सगळं काम मातीत गेलं!"

ती वाकून बघत राहिली. "ह्यातले दारू न पिनारे कोनते?"

मी कडेची बरणी दाखवली.

"तेबी मेले?"

"सगळे. खाणं जास्त झालं की पाणी नासतं, आई."

तिनं ओसरीकडं पाहिलं. दादा अजून झोपलेला होता. "माया करून मारलं म्हन की मी," ती म्हणाली. मग हात धुतले आणि जाऊन त्याला हलवलं. "ऊठ. तुझी बहीन म्हनती तिथं जायचं. जल्दी ऊठ."

"कुठं?"

"ऊठ म्हनलं ना!"

हेच ऐकायला मी जीव टाकत होते. पण आनंद कुठला! गाळणीत मेलेली पिल्लं गोळा करता करता रडूच आलं. दादा खाली मान घालून चपला शोधायला लागला. त्याला सापडेनात, तेव्हा आईनंच त्या आणून त्याच्या पायापुढं ठेवल्या.