खुर्चीशेजारचा वजनकाटा

सुधा गेल्याची बातमी मला तिच्या पेशंटकडून कळली. बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या एका वयस्कर शिंपीकाकांचा फोन आला, “अक्का गेल्या, डॉक्टर. सकाळी चहा घेताना हार्ट अटॅक आला.” आठवडाभर तिच्या छातीत दुखत होतं, हे त्यांना ठाऊक होतं. तेरा वर्षं एकाच दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर दात काढणाऱ्या मला ठाऊक नव्हतं. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला राग आला. हिनं शिंपीकाकांना सांगितलं आणि मला नाही... आज सहा आठवडे झाले तरी तो राग पुरता गेलेला नाही.

सुधा मूळची निपाणीकडची, पण तिचं घर दोन पिढ्या शिवाजीनगरातच. मी पुण्याची, नवऱ्याच्या नोकरीमागे बंगळूरला आलेली. कोरमंगलातला दवाखाना आम्ही दोघींनी मिळून काढला, पण पेशंट मला ‘डॉक्टर’ म्हणायचे आणि तिला ‘अक्का’, आणि हे मला पहिल्या महिन्यापासून खुपत होतं. तिची कामाची तऱ्हाही मला बघवायची नाही. खुर्चीशेजारी तिनं एक साधा वजनकाटा ठेवला होता. भुलीचं इंजेक्शन देण्याआधी ती प्रत्येकाला चपला काढून त्यावर उभं करायची. मी म्हणायची, “सुधा, आपण व्यायामशाळा काढलीय का?” ती म्हणायची, “स्वल्प थांब की गं, पुणेकरीण. कुठं आग लागलीय?” भुलीचं औषध किती चालेल ते वजनावर ठरतं, हे मलाही कॉलेजात शिकवलेलंच होतं. पण मी नजरेनंच अंदाज बांधायची. ती सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून सुईत रक्त येत नाही ना, म्हणजे सुई शिरेत तर घुसली नाही ना, हे बघायची, मग अगदी सावकाश औषध सोडायची, आणि नंतर स्टूल ओढून पेशंटचं मनगट धरून बसायची. “काय जेवून आलायसा?” इथून गप्पा सुरू. तेवढ्यात माझे दोन पेशंट उरकलेले असायचे.

कुणी म्हणालं, ‘मला या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे’, की मी त्याला सरळ परत पाठवायची. सुधा खोदून खोदून विचारायची. तेव्हा नेमकं काय झालं होतं? अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला, की नुसतीच छाती धडधडली, डोळ्यांपुढे अंधारी आली? शंकेला जागा असली की ती तपासणीला पाठवायची, पण बहुतेकांना अ‍ॅलर्जी नसायचीच. कुणी उपाशी आलेलं असायचं, कुणी घाबरलेलं. मी परत पाठवलेली माणसं तिच्या खुर्चीत निवांत दात काढून घ्यायची आणि जाताना माझ्याकडे बघून हसायची. निदान मला तसं वाटायचं.

ऋचा अशीच सुधाची पेशंट, चार वर्षांपूर्वीची. नागपूरची, इथं पीजीत राहून नोकरी करणारी, नुकतीच टायफॉइडमधून उठलेली हडकुळी पोरगी. तिच्या दोन्ही बाजूंच्या अक्कलदाढा काढायच्या होत्या. त्या दुपारी सुधाच्या खुर्चीत दुसरा पेशंट होता, म्हणून ऋचा माझ्याकडे आली आणि बसता बसता म्हणाली, “अक्का किती वेळानं मोकळ्या होतील?” झालं. मी ठरवलं, दोन्ही बाजू एकाच बैठकीत करून दाखवायच्या. काटा आणायला सुधाच्या खुर्चीपाशी जावं लागलं असतं. मी गेले नाही. एका बाजूला भूल नीट चढेना म्हणून पुन्हा दिली, मग तिसऱ्यांदा दिली, घाईत दट्ट्याही मागे ओढला नाही. ऋचा एकदम भडाभडा बोलायला लागली. तोंडात लोखंडासारखी चव येतेय, कानात काहीतरी वाजतंय, ओठ बधिर झालेत... मी म्हटलं, “घाबरू नकोस, असं होतं,” आणि पुढची सिरिंज उचलली.

सुधानं माझा हात धरला. “ती किती बोलायलीय बघ की. थांब. औषध डोक्यात चढलंय.” पुढच्याच क्षणाला ऋचाला झटके सुरू झाले. सुधानं खुर्ची आडवी केली, तोंडातला कापूस काढला, ऑक्सिजन लावला, झटके थांबवायचा फवारा नाकात मारला. मी ऋचाची हनुवटी वर धरून उभी होते, तीही तिनं सांगितलं म्हणून. अ‍ॅम्ब्युलन्स कुठल्या हॉस्पिटलात न्यायची हेही तिला आधीच माहीत होतं. भुलीचा विषार उतरवणारं दुधासारखं पांढरं, चरबीचं सलाईन कुणाकडे आहे हे विचारत ती पूर्वी हॉस्पिटलं पालथी घालून आली होती आणि नंबर भिंतीवर चिकटवला होता. त्या खेपांनाही मी हसलेच होते.

ऋचा वाचली. नागपूरहून तिची आई आली, तेव्हा सुधा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “हिनं वेळेवर ओळखलं.” त्या बाईंनी माझे हात हातात घेतले. मी ते घेऊ दिले. चुकीबद्दल सुधानं मला एकटीला गाठून चांगलंच झापलं, ते मी सोसलं. पण तो मोठेपणा मला सोसवला नाही. तिनं चारचौघांत माझी चूक सांगितली असती तर मी तिचा सुखानं द्वेष केला असता.

गेल्या आठवड्यात ऋचा आली. त्या दिवशी राहिलेली एक दाढ आता ठणकत होती, आणि अक्का नव्हती. मी तिला आधी बसू दिलं नाही. म्हटलं, “त्या दिवशी मी ओळखलं नव्हतं, सुधानं ओळखलं. चूक माझी होती. ऐकून तुला दुसरीकडे जायचं असेल तर जा.”

ती म्हणाली, “मला माहिती आहे. अक्कांनी तुमचा हात धरलेला दिसला होता ना मला. अक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, तिला सांगू दे, तू घाई करू नकोस.”

म्हणजे इतकी वर्षं दोघींना माहीत होतं, आणि मी वाट बघायला लावत होते. एवढी मोठी गोष्टसुद्धा हिनं पेशंटलाच सांगितली...

ऋचानं चपला काढल्या आणि न सांगता काट्यावर उभी राहिली. मी आकडा बघायला वाकले. काट्याच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीवर सुधाच्या अक्षरात लिहिलंय, ‘अर्धा किलो जास्त दाखवतो’. मी अर्धा किलो वजा केला. दट्ट्या मागे ओढून पाहिला, सावकाश औषध सोडलं, स्टूल पुढे ओढलं. ऋचानं आपणहून मनगट पुढे केलं. मी ते धरलं आणि विचारलं, “काय जेवून आलीस?”