वीरण्णांची पावसाळी शाळा

वीरण्णा मेस्त्री गेल्याची बातमी त्यांचा मुलगा बसवराज स्वतः घेऊन आला. बीदरच्या माझ्या दुकानात मी एका पंपाच्या मोटारीत नवी तार भरत होते. दारात उभा राहून तो म्हणाला, "अक्का, अप्पा गेले. चहा मागितला, अन् चहा येईपर्यंत..." मी हात पुसले, दुकान बंद केलं आणि त्याच्याबरोबर निघाले. त्याला आता दीड महिना होतो आहे. बीदर-कल्याणीकडच्या जुन्या वायरमन मंडळींना वीरण्णा कोण हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांना कळावं म्हणून हे लिहिते आहे.

माझे यजमान ज्ञानोबा बीदरच्या एका जिनिंगमध्ये वायरमन होते आणि वीरण्णा तिथले हेडमेस्त्री. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही कमठाण्याचे शेतीवाले. कापसाचा हंगाम संपला की जिनिंगला कुलूप लागायचं आणि वायरमन लोक पुन्हा आपापल्या रानात. त्या वर्षी हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात चालू मोटारीला हात लागला आणि ज्ञानोबा जागीच गेले. मी एकवीस वर्षांची, पदरात दीड वर्षाची मुलगी. मॅनेजरनं सांगितलं, वायरमनच्या बेफिकिरीनं झालं. सासऱ्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. चौदाव्या दिवशी वीरण्णा आमच्या दारी आले. बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, "मामा, ज्ञानोबाची चूक न्हाई. त्या मोटारीला अर्थिंगच नव्हतं. बसविताना मी बघायला पायजे होतं, बघितलं न्हाई. मॅनेजरलाबी तसंच सांगून आलोय." मी दाराआड उभी होते. त्या माणसाचा मला भयंकर राग आला. पण नवऱ्याच्या माथी बसलेला ठपका त्यानंच पुसला होता, हेही त्याच वेळी कळत होतं.

पावसाळ्यात मी बीदरला माहेरी होते. तिथं कानावर आलं की वीरण्णांनी मालकाकडून बंद जिनिंगची किल्ली मागून घेतली आहे आणि सात-आठ वायरमन जमवून रोज दुपारी शिकवायलेत. एके दिवशी मुलगी आईकडं ठेवून मी तिथं गेले.

"कामून आलीस, अक्का?" वीरण्णांनी विचारलं.

"ते कसे गेले, ते मला दाखवा."

मग त्यांनी एका जुन्या मोटारीत मुद्दाम दोष ठेवला, दिव्याची एक तार मोटारीच्या अंगाला लावली आणि दुसरी जमिनीत ठोकलेल्या सळईला. बटण दाबताच दिवा लख्ख पेटला. "ह्या दिव्याच्या जागी ज्ञानोबा होता," ते म्हणाले. मग मागच्या अंगणात नेऊन त्यांनी एक खड्डा दाखवला. तांब्याचा पत्रा, वर कोळसा आणि मीठ. त्याची तार मोटारीला जोडून पुन्हा बटण दाबलं, तर करंट जमिनीत उतरला, फ्यूज उडाला आणि मोटार मुकी झाली. "हे एवढंच करायचं होतं," म्हणाले आणि त्यांनी पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. माणिकराव नावाचे एक वडीलधारे वायरमन होते, ते चिडले. "बाईमाणसाचं काय काम हितं? लोक काय म्हणतील?" वीरण्णा म्हणाले, "ही शाळा जिच्या नवऱ्यापायी निघाली, तीच भाईर बसंल व्हय? ती बसंल. तुम्हाला जायचं आसंल तर जावा." माणिकराव गेले नाहीत. शिकवणं अर्धं मराठीत, अर्धं कानडीत चाले, आणि रागवायची वेळ आली की दखनी उर्दूत. माझा हात तार भरण्यात बसला. एक फेरा चुकला की वीरण्णा सगळं उसवायला लावत. चांगलं झालं तर काहीच बोलत नसत. त्या न बोलण्याचीच आम्ही वाट बघायचो.

हंगाम तोंडावर आला आणि चाचणीतच मोठी मोटार जळाली. अशी मोटार दुरुस्तीला हैदराबादला जायची, महिनाभर यायची नाही. मालक गाडी बोलावत होते. वीरण्णा म्हणाले, "आम्ही भरतो. न्हाई चालली, तर शाळाबी बंद अन् माझी नोकरीबी." पण स्वतः त्यांनी हात लावला नाही, सगळं काम शिकणाऱ्यांवर सोडलं. पाठीमागं हात बांधून आठ दिवस नुसते उभे राहिले. माझ्या हातची वेटोळी माणिकरावांनी खाचांत बसवली, पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलत. वार्निश वाळवायला ऊन नव्हतं, तर शेगड्या पेटवल्या. नवव्या दिवशी बटण दाबलं. मोटार घुमली, लयीत आली. कोणी पुढं होईना. वीरण्णांनी तिच्या अंगावर सरळ आपला तळहात ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. मग मी ठेवला. त्या दिवसापासून मला विजेची भीती वाटली नाही.

पुढं दर पावसाळ्यात ती शाळा भरली. पार लांबच्या करजगीपासून माणसं यायला लागली, परवान्याच्या परीक्षा पास झाली. हैदराबाद राज्य मोडलं, आमचा जिल्हा म्हैसूरकडं गेला, कचेरीतली भाषा बदलली. वीरण्णा म्हणाले, "करंटला भाषा न्हाई," आणि शिकवत राहिले. माझं दुकान त्यांनीच मला काढायला लावलं. पण इतक्या वर्षांत ते माझ्या घरी कधी पाणी प्यायले नाहीत. कारण मला ठाऊक होतं, ती बिनअर्थिंगची मोटार. अखेर मुलीच्या लग्नात मीच ताट घेऊन त्यांच्यापुढं बसले. "अण्णा, मी कधीच सोडून दिलंय. तुम्ही कामून धरून बसलाय?" ते जेवले. जेवताना मान वर केली नाही, पण दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

परवा बसवराज म्हणाला, "अप्पांच्या वस्तूंतलं काय पायजे ते न्या, अक्का." मी फक्त त्यांची तिपाई आणली. सागवानी आहे, एक पाय किंचित आखूड. त्यावर बसूनच ते शिकवायचे. दुकानात ती कोपऱ्यात मांडून ठेवावी असं आधी वाटलं होतं... पण या पावसाळ्यात माझ्याकडं पाच जण शिकायला आहेत, त्यांत दोघी बायका, आणि बसायला जागा कमी पडते. जो सगळ्यात नवा, तो तिपाईवर बसतो. ती एका अंगाला कलते, म्हणून त्याला सावध बसावं लागतं.