तळहातावरची वेळ

शनिवार पेठेत आमच्या कोपऱ्यावर उभे राहणारे एक रिक्षावाले मला वर्षानुवर्षं विमानतळावर सोडत. आधी विमानाची वेळ विचारायची आणि मग निघायची वेळ बॉलपेनने स्वतःच्या तळहातावर लिहून ठेवायची, ही त्यांची पद्धत. ती चांगली तीन तास आधीची असे. मी कुरकुर केली की म्हणत, "विमान तुमच्यासाठी थांबणार आहे का?" बंडगार्डनच्या पुलावर वाहनं तुंबली की ते सारखे तळहाताकडे बघत.

मेट्रो येरवड्यापर्यंत सुरू झाली, तिथून विमानतळाची बसही मिळू लागली. तेव्हापासून मी त्यांना चुकवून, बॅग उचलून मागच्या बोळातून सटकू लागलो. काल बोळाच्या तोंडाशीच त्यांची रिक्षा उभी!

"बसा. मेट्रो स्टेशनला सोडतो."

मी सारवासारव करू लागलो.

"अहो, लपता कशाला? त्या पुलावर तुमच्यापेक्षा माझाच जीव टांगणीला लागायचा. सुटलो एकदाचा!"

स्टेशनपाशी त्यांनी बॅग हातात दिली, तेव्हा तळहात दिसला. कोरा होता.

"सावकाश जा," ते म्हणाले.