भागवतचा अरेच्चा

अरेच्चा हा शब्द तोंडून आपसूक निसटावा लागतो. अर्धापूरकडच्या भागवतनं तो पाळला होता. कुणाची विहिरीवरची मोटार चोरीला गेली, कुणाची सोयरीक मोडली, की हा पांढऱ्या शर्टात हजर. भुवया वर, तोंड उघडं. "अरेच्चा!" सोयरीक मोडणाऱ्यांचे कान बहुधा त्यानंच फुंकलेले असत. अशी माणसं पन्नाशी गाठतात, सत्यनारायणाला पुढं बसतात.

सिंधु ही त्याच्या मेलेल्या चुलत भावाची बायको. तिची केळीची बाग त्याला बटईनं, अर्ध्या वाट्यानं हवी होती. ती देत नव्हती. यंदा तिनं स्वतःच मकबूलची टोळी बोलावून घड उतरवले. ट्रक डांबरी रस्त्यावर उभा होता. ट्रॅक्टर भरून निघाले, तर शेतातून डांबरीकडं जाणाऱ्या पांधणीला आडवा चर. माती अजून ओली, चर बुजवला तरी ट्रॅक्टर रुतणार. ट्रक संध्याकाळपर्यंत थांबणार होता. भरला नाही तर वर्षाचा माल शेतातच काळा पडणार.

तेवढ्यात कालव्याच्या कडेनं भागवत फटफटीवर आला.

"अरेच्चा! वैनी, रस्ता कुनी फोडला?"

सिंधुनं त्याच्याकडं बघितलं. "भाऊजी, रोज तर पांधणीनं येता. आज कालव्यावरून कसं काय?"

"म्हनलं, जरा पानी बघावं."

"कालवा तर कोरडा हाय."

घडांपाशी बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मकबूल शांतपणे पुढं आला.

"पाटील, चर तुमी तर न्हाई ना खांदला?"

"छ्या! मी कशाला?"

"मग लावा गाडी कामाला. कालव्यावरून ट्रॅक्टर जात न्हाई, फटफटी जाती."

नाही म्हणावं तर चर आपलाच ठरतो, एवढं भागवतला कळत होतं. त्यानं गाडी कामाला लावली. मग दिवसभर कालव्यावरून खेपा. मागं घड, पुढं टाकीवर घड, मधे हा. तो रिकामा परतला की बाया घड लादता लादता म्हणायच्या, "अरेच्चा, पाटील आले!" तोही हसायचा. दुसरं काय करणार.

दिवस कलता कलता ट्रक भरून गेला. सिंधुनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. आभार मानले नाहीत.

केळीचा चीक पांढऱ्या कापडातून निघत नाही. भागवत तो शर्ट अजून घालतो, कंजूष माणूस. छातीवरच्या काळ्या डागांबद्दल त्याला कुणी काही विचारत नाही. नुसत्या भुवया वर करतात.