म्हशीच्या गाण्याला वन्स मोअर

नकार मिळवायला गायलेल्या गाण्याला मी उडती चाल लावली. एवढा मूर्खपणा मी नंतर पुन्हा केला नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरच्या आमच्या चाळीत गिटार घेऊन फिरणारी मी एकटीच. बेलबॉटम, डोळ्यांवर केस, आणि चेहरा असा की क्रांती माझ्याचसाठी खोळंबलीय. ऑर्केस्ट्रात दुसऱ्यांची गाणी गाऊन कंटाळले होते. आता माझेच शब्द, माझ्याच चाली, अशी चार गाण्यांची तबकडी निघणार होती. एक रेशनच्या रांगेवर, एक नळावरच्या भांडणांवर, एक विक्रोळीच्या कारखान्यातून काढलेल्या बायकांवर. चौथं मुली बघण्यावर. ते सुचलं आरे कॉलनीच्या वाटेवर म्हशी पारखणारे बघून.

रेकॉर्डिंग तोंडावर आलं आणि घरच्यांनी मुलुंडचं स्थळ आणलं. लग्न ठरलं की तबकडी बोंबलली. म्हणून बघायला आलेल्यांनी रीतीप्रमाणे ‘एखादं गाणं म्हण’ म्हटल्यावर मी गिटार घेतली आणि चौथं सुरू केलं. ऐकतील, चिडतील, उठून जातील.

चालून दाखव, हसून दाखव, सुईत दोरा ओवून दाखव,
म्हैस पसंत पडली तर मग दोर कुणाचा, बोलून दाखव.

कोणी उठलं नाही. मुलाचे वडील चिवड्याच्या बशीवर चमच्याने ताल धरून बसले. मुलगा मान डोलवत होता. मुलाची आई तेवढी माझ्या तोंडाकडे बघत होती. गाणं संपल्यावर ती म्हणाली, “परत म्हण गो.” मी परत म्हटलं, म्हैस चांगली ठासून. वडील म्हणाले, “झकास. आमची पसंती समजा.” माझ्या आईने पदराने डोळे टिपले. मी गिटार खाली ठेवली. माझी वाट लागली होती.

निघताना पुरुष मंडळी जिना उतरली. मुलाची आई चपला घालायच्या निमित्ताने मागे राहिली, आणि माझा दंड धरून, खाली जिन्याकडे नजर ठेवून मालवणीत म्हणाली,

“आयकलंय गो चेडवा, सगळा आयकलंय. परत म्हणूक सांगलंय ता ह्येंका आयकाक जावचा म्हणान. पण ह्येंचो पाय हलाक लागलो काय कान बंद होतत. नकार मी कळवतंय. तू तुझी तबकडी काढ, पण ठेको जरा सावकाश धर.”